दोन्ही बाजूंची विडी

पंजाबरावांच्या घरी गेलात तर चहा मिळतो, पण तुम्ही तो पीत असताना ते तुमच्याकडे बघत असतात. तुम्ही का आलात, कुणी पाठवलं आणि उठताना काय मागणार आहात, हे त्यांना चहा संपायच्या आत कळायला हवं असतं. मी मोताळ्याच्या शाळेत रुजू झालो आणि त्यांच्या शेजारी खोली घेतली, तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, लोणारकडचा माणूस इतक्या लांब गणित शिकवायला कशाला येतो, तिकडे काय शाळा नाहीत? बदली झाली, म्हणालो. बदली कोणी केली, असं त्यांनी विचारलं. मला धड उत्तर देता आलं नाही, आणि पुढची दोन वर्षं मी त्यांच्या संशयितांत जमा होतो.

त्यांच्या संशयाच्या गोष्टी गावभर आहेत. रुखमाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, आठवडी बाजारातून घेतलेलं लुगडं त्यांनी दुकानाच्या पायरीवरच टेप लावून मोजलं. ते चार बोटं कमी भरलं आणि दुकानदाराला निमूटपणे दुसरं काढावं लागलं. मुलाच्या, हर्षलच्या लग्नात मांडववाल्याने सांगितलेला मांडव आणि घातलेला मांडव यांत दीड फुटाचा फरक निघाला. वऱ्हाड दारात उभं आणि नवरदेवाचा बाप खांबाशी उकिडवा बसून टेप धरतोय, असा तो देखावा होता. खांब एकदा गाडला की मग कुणी मोजत नाही, असं त्यांचं म्हणणं. लोक अजून हसतात. पण बांधाचा वाद निघाला की हेच हसणारे लोक त्यांच्या दारात येऊन बसतात.

कारण मोजणी हा त्यांचा जन्माचा धंदा. पस्तीस वर्षं ते मोजणी खात्यात शिपाई होते. साहेब टेबलावर नकाशा काढायचे आणि पंजाबराव साखळी ओढत काट्याकुट्यांतून, चिखलातून, विहिरीच्या काठावरून जायचे. पुढे यंत्रं आली, साखळी गेली, तरी म्हातारे शेतकरी मोजणीचा कागद हातात घेतल्यावर एवढंच विचारत, की त्या दिवशी पंजाबराव होता का.

या मोजणीचा एक रिवाज होता. बांधाच्या अलीकडे एक भाऊ उभा, पलीकडे दुसरा. दोघे एकमेकांचं तोंड पाहत नसत, पण दोघेही मोजणीवाल्यांपुढे विडी धरत. एकाची घेतली आणि दुसऱ्याची नाही, तर दुसरा तिथेच बसकण मारणार, की मोजणी फिरली. कुणाचीच घेतली नाही, तर दोघांनाही वाटणार की याला विडीपेक्षा मोठं काही हवं आहे. म्हणून एकच वाट उरत असे. दोघांचीही घ्यायची आणि दोघांच्या डोळ्यांदेखत ओढून संपवायची. खिशात टाकलेली चालत नसे. साहेब लोक आपले जीपमध्ये जाऊन बसत, हा रिवाज शिपायाने पाळायचा. दिवसाला तीन बांध असले की रिवाजाच्याच सहा विड्या झाल्या. घरच्या वेगळ्या.

पहिली विडी मात्र त्यांना कुणा शेतकऱ्याने दिली नव्हती. सोळा वर्षांचे असताना इथल्या आठवडी बाजारात विडी कारखान्याची गाडी आली होती. वर भोंगा, पुढे लुगडं नेसून नाचणारा गडी, आणि मागे उभा राहून एक माणूस गर्दीवर विड्यांचे कट्टे, म्हणजे बांधलेल्या जुड्या, उधळत होता. पंजाबरावांनी उडी मारून एक झेलला. हे सांगताना ते आजही स्वतःवर चिडतात. ज्याने आयुष्यभर फुकटच्या चहावर संशय घेतला, त्याने तो कट्टा का झेलला, याचा उलगडा त्यांना झालेला नाही.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात त्यांना घरापासून बस स्टँडपर्यंत जायला तीन ठिकाणी थांबावं लागू लागलं. हर्षलला दुकान सोडता येत नव्हतं, म्हणून बुलढाण्याच्या डॉक्टरांकडे मी घेऊन गेलो. तिथे एका यंत्राच्या नळीत जोराने फुंकायचं होतं. पंजाबरावांनी नळी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली आणि डॉक्टरांना म्हणाले, आधी तुम्ही फुंकून दाखवा. डॉक्टर बिचारे नवी नळी लावून फुंकले. मग यांनी फुंकलं. यंत्रातून कागद आला. या वयाच्या माणसाचा श्वास असायला हवा त्याच्या चाळीस टक्के उरला होता. रोजच्या विड्या किती, असं डॉक्टरांनी विचारलं. मोजणी किती निघायची त्यावर होतं, असं उत्तर मिळालं.

पंजाबरावांनी तो कागद उजेडाकडे धरून पाहिला. मग म्हणाले, "बाकीचे साठ कोनी कोरले?"

डॉक्टरांना कळलं नाही. मला कळलं. आमच्याकडे शेजारी दरवर्षी नांगराचं एक तास, म्हणजे एक सरी, इकडे सरकवून बांध कोरतो. एका वर्षी ते दिसत नाही, वीस वर्षांनी पाहावं तर अर्धा एकर गेलेला. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत यायचं नाही, पण आज सोडलीत तर उरलेलं टिकेल. परतताना बसमध्ये त्यांनी खिशातला कट्टा काढून माझ्या हातात दिला आणि अगदी सहज म्हणाले, तुम्ही ओढता, तुम्हाला राहू द्या. मी ओढतो हे मी गावात कुणालाही कळू दिलं नव्हतं. शाळा सुटल्यावर हर्षलच्या दुकानामागे उभा राहून एक ओढायची, वर बडीशेप खायची, आणि घरी जायचं, असा माझा बेत पाच वर्षं बिनबोभाट चालला होता, असं मी समजत होतो.

त्या दिवसापासून पंजाबरावांनी विडीला हात लावला नाही.

आता हर्षलच्या दुकानाचं सांगतो. शाळेच्या मैदानामागे एक मोकळा प्लॉट आहे, त्याच्या पलीकडच्या रस्त्यावर हे दुकान. वह्या, पेनं, बिस्किटं, गोळ्या, शाम्पूच्या पुड्या, आणि बिस्किटांच्या डब्यामागे विडी-सिगारेट. गेल्या वर्षी चौकात मोठं मार्ट झालं आणि हर्षलकडे उदबत्ती घ्यायलाही कुणी येईना. हर्षल वाईट माणूस नाही. बापाचा श्वासाचा पंप संपायच्या आत नवा आणून ठेवणारा मुलगा आहे. पण दुपारी रिकाम्या दुकानात बसून माणूस कसा दिसतो, ते मी पाहिलं आहे. त्याला दुकानात चार माणसं उभी असलेली हवी होती. अशा वेळी रवी आला.

रवी हा सिगारेट कंपनीचा माणूस. जळगाव जामोदपासून इकडचा पट्टा त्याच्याकडे. इस्त्रीचा शर्ट, गोड जीभ, हर्षलला भाऊ, रुखमाबाईंना काकू. दुसऱ्याच भेटीत त्याने टेम्पोतून एक काचेचं कपाट आणलं. आत निळे-जांभळे दिवे, चकचकीत कप्पे. संध्याकाळी लावलं की अख्खा रस्ता उजळायचा. आणि किंमत काही नाही. कपाट कंपनीचं, दिवे कंपनीचे, फक्त जागा हर्षलची.

पंजाबरावांनी कपाटाला चारी बाजूंनी प्रदक्षिणा घातली. मग रवीला विचारलं, यावर कंपनीचं नाव कुठे आहे? रवी हसून म्हणाला, काका, कायद्याने नाव टाकता येत नाही, जाहिरात होते. पंजाबराव म्हणाले, "देवळाले पंखा देनारा तिन्ही पात्यांवर आपलं नाव टाकते. तुमी एवढं मोठं कपाट देऊन राह्यले अन् नाव लपवून राह्यले. काऊन?" रवी पुन्हा हसला. हर्षलला मात्र हसू आलं नाही. पाहुण्यासमोर बाप असा बोलला याची त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून पंजाबरावांनी दुकानासमोरच्या कडुनिंबाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकली. सकाळ-संध्याकाळ बसायचे. लोकांना वाटलं म्हातारा हवेला बसलाय. शाळेतून येताना मी थांबलो की ते मला पाहिलेलं सांगत. रवी माल द्यायला म्हणून येतो, पण येतो बरोबर शाळा सुटायच्या वेळी, आणि माल बघण्याऐवजी पोरं बघतो. कोणता वर्ग किती वाजता सुटतो, अकरावी-बारावीची पोरं कुठे उभी राहतात, असं तो हर्षलला विचारतो. नव्या चवीच्या सिगारेटी त्याने सगळ्यांत खालच्या उजेडाच्या कप्प्यात लावायला सांगितल्या आहेत, गोळ्यांच्या बरणीला खेटून. एक पुदिन्याची आहे. एकीत बारीक गोळी आहे, ती दाबली की फळाचा वास येतो. "विडी ओढनाऱ्या मान्साले फळाचा वास कायले पाहिजे?" त्यांनी मला विचारलं. "ज्यानं कधी ओढली नाही त्याच्यासाठी हाये तो वास."

मी मान हलवली आणि मनात म्हटलं, म्हाताऱ्याचा संशय आता फारच वाढला. खरं सांगायचं तर पुदिन्याची मी ओढून पाहिली होती. बरी होती. आपल्या राज्यात सुटी सिगारेट विकायला बंदी आहे, पण रवीने सुट्यांसाठी खास एक काचेचा पेला दिला होता, आणि त्या पेल्याचं नियमित गिऱ्हाईक मीच होतो. अठरा वर्षांखालच्यांना विकणार नाही, अशी पाटीही होती दुकानात. ती वर, लटकवलेल्या वेफर्सच्या माळांमागे होती.

आठव्या दिवशी पंजाबराव टेप घेऊन उठले. हर्षल जेवायला गेला होता, गल्ल्यावर रुखमाबाई होत्या. पंजाबरावांनी जमिनीपासून त्या उजेडाच्या कप्प्यापर्यंत टेप लावली. चार फूट. मग मला समोर उभं केलं आणि काय दिसतं ते विचारलं. मला कपाटाचा माथा दिसत होता आणि त्यावरून रुखमाबाईंचं तोंड. सिगारेटी बघायला मला वाकावं लागलं. पाच वर्षं रोज एक घेणाऱ्या माणसाला वाकावं लागावं, असं ते कपाट होतं. तेवढ्यात नात आली. पुष्पांजली, हर्षलची मुलगी, आमच्याच शाळेत सातवीत. पंजाबरावांनी तिला त्याच जागी उभं केलं आणि टेप तिच्या डोळ्यांपर्यंत नेली. चार फूट दोन इंच.



पंजाबरावांनी तिला पाठमोरी केलं. म्हणाले, "डोळे मिट पुष्पे, अन् कपाटात काय काय हाये ते सांग."

पाढे म्हणावेत तसं ती म्हणत गेली. डावीकडून लाल-पांढरं, मग हिरवं, त्यावर पान काढलेलं, मग काळं-सोनेरी, मग निळं, त्यात गोळी असते ती. खालची रांग झाली, वरची झाली. एकही पाकीट चुकलं नाही. वह्या कोणत्या कप्प्यात आहेत, असं विचारलं तर तिला आठवेना. पाटीचं विचारलं तर म्हणाली, कोणती पाटी? मी वर्गात तिला अपूर्णांक शिकवत होतो, तेव्हा तीन आठवडे घालवूनही तिच्या डोक्यात काही राहत नव्हतं. कपाटाने आठ-नऊ दिवसांत तिला सगळं पाठ करून दिलं होतं.

पंजाबराव खुर्चीत जाऊन बसले. त्यांचा श्वास वाजत होता. त्यांना पंप घ्यायचीही आठवण राहिली नाही, मी दिला.

त्या संध्याकाळी बापलेकाचं वाजलं. भिंत एकच असल्यामुळे मला ते ऐकू आलं. कपाट परत कर, असं बापाचं म्हणणं. हर्षल म्हणाला, कपाट आल्यापासून संध्याकाळी दुकानात माणसं दिसतात, सिगारेट घ्यायला येणारा माणूस सोबत बिस्किटही नेतो, साबणही नेतो. मी कुणा पोराच्या हातात अजून एकही दिलेली नाही. शेवटी तो म्हणाला, "तुमाले ओढता येत नाही म्हनून साऱ्या गावानं सोडावी काय? जलमभर लोकायवर संशय घेतला, आता लेकावर घेऊन राह्यले." नंतर बराच वेळ फक्त खोकला ऐकू येत होता.

पुढच्याच महिन्यात शाळेभोवती पिवळी रेघ मारायचं निघालं. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही असा कायदा आहेच. ती हद्द रस्त्यावर पिवळ्या रंगाने आखायची होती. आमच्या मुख्याध्यापिका महामाया मॅडम शिस्तीच्या. त्यांनी समिती केली आणि तिचा प्रमुख म्हणून, मी काही बोलायच्या आत, माझं नाव लिहिलं. रवीला ही खबर आमच्याआधी लागली होती. त्याने स्वतः टेप आणून शाळेच्या फाटकापासून रस्त्यारस्त्याने, दोन वळणं घेत, हर्षलच्या दुकानापर्यंत मापून दाखवलं. सत्त्याण्णव मीटर. शंभर यार्ड म्हणजे एक्क्याण्णव मीटर आणि वर थोडं. दुकान हद्दीतून सुटलं होतं. मॅडमचं समाधान होईना, पण काय चुकतंय तेही सांगता येईना. कंपनीच्या माणसाचं माप घ्यायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं. मग माप कुणाचं घ्यायचं?

मोताळ्यात या प्रश्नाला एकच उत्तर होतं. हर्षलला विचारलं तर तो लगेच हो म्हणाला. आबा मोजतील ते मला मंजूर, लिहून देतो. रवीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बाप मुलाच्या दुकानावरून रेघ कशाला ओढेल, असं दोघांनाही वाटलं असणार. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं. आणि मला त्यात थोडं बरंही वाटलं, कारण दुकान गेलं तर मला चौकापर्यंत जावं लागणार होतं.

पंजाबरावांनी मॅडमकडून नियमाचा कागद मागून घेतला. दोन दिवस तो चष्म्याखाली होता. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा रुखमाबाई दारातच म्हणाल्या, हे कालपासून जेवले नाहीत, पोराचं घर यांच्या हाती दिलं तुम्ही लोकांनी. आत पंजाबराव भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी विचारलं, जमणार नसेल तर मॅडमना सांगू का? ते नाही म्हणाले. मोजणारा दुसरा आला की काय मोजेल याचा भरवसा नाही, असं म्हणाले.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सगळे जमले. पोरं, मॅडम, रंगाचा डबा घेतलेली दोन माणसं, मोटारसायकलला टेकून रवी, दुकानाच्या पायरीवर हर्षल. पंजाबराव स्वतःची टेप घेऊन आले होते, शाळेच्या टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. ते फाटकाकडे गेलेच नाहीत. सरळ मैदानाच्या मागच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले. रवी म्हणाला, काका, फाटक तिकडे आहे. पंजाबरावांनी खिशातून कागद काढून मॅडमकडे दिला. मॅडमनी मोठ्याने वाचला. अंतर हद्दीच्या भिंतीपासून, सरळ रेषेत धरायचं.

"पस्तीस वर्सं हद्दी मोजल्या म्या," पंजाबराव म्हणाले. "हद्द फाटकापासून नसते. फाटकातून फक्त मान्सं येतात."

भिंतीपासून दुकान समोरच दिसत होतं. मधे एक मोकळा प्लॉट. मोजायचीही गरज नव्हती. हर्षलचा चेहरा उतरला, मग लाल झाला. तो दुकानात गेला, पेल्यातली एक सिगारेट काढली, प्लॉट ओलांडून सगळ्यांच्या देखत बापासमोर येऊन उभा राहिला आणि ती त्यांच्यापुढे धरली.

"रिवाज हाये ना तुमचा, आबा? मोजायच्या आधी बाजूवाल्याची ओढा लागते. घ्या."

चाळीस टक्के श्वास उरलेल्या माणसापुढे त्याचा मुलगा सिगारेट धरून उभा होता. मला हर्षलचा संताप आला, आणि त्याच्याइतकी कीवही कुणाची आली नाही.

पंजाबरावांनी सिगारेट घेतली. मग दुसरा हात माझ्यापुढे केला.

"सर, शाळेच्या बाजूची द्या."

माझ्याकडे नाही, असं मी म्हणालो. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"शर्टाच्या नाही. पँटीच्या उजव्या खिशात."

दीडशे पोरं बघत होती. समितीच्या प्रमुखाने उजव्या खिशात हात घातला, पाकीट काढलं, एक सिगारेट बाहेर ओढली आणि म्हाताऱ्याच्या हातावर ठेवली. मॅडम माझ्याकडे बघतही नव्हत्या, ते जास्त लागलं. मागून कुठूनतरी एक पोरगं फिसकन हसलं.

हर्षलने काडेपेटी पुढे केली. पंजाबरावांनी दोन्ही सिगारेटी शर्टाच्या खिशात ठेवल्या आणि वरून बटण लावलं.

"आजलोक आधी ओढली अन् मंग मोजलं," ते म्हणाले. "आज आधी मोजतो."

टेपचं शून्य मी भिंतीला धरलं. ते टेप घेऊन निघाले. तीस मीटरची टेप होती. पहिल्या तीस मीटरला ते दोनदा थांबले. खुणेचा खिळा कुणाला ठोकू दिला नाही, स्वतः वाकून ठोकला आणि वाकलेले तसेच थोडा वेळ राहिले. पुष्पांजली पंप घेऊन धावली. दुसरी टेप पुरी व्हायच्या आत ते दुकानाच्या पायरीशी पोचले. चोपन्न मीटर, असं ते मोठ्याने म्हणाले, पण आवाज फक्त जवळच्यांना ऐकू आला. मग मुलाच्या दुकानासमोरून पुढे गेले. एक्क्याण्णव मीटर पिठाच्या गिरणीजवळच्या विजेच्या खांबाशी भरले. तिथे पिवळी रेघ मारली. रंग वाळेपर्यंत ते रेघेशीच बसून होते, कुणी ती सरकवू नये म्हणून.

सोमवारी माझ्या फळ्यावर कुणीतरी सिगारेटचं चित्र काढून खाली "उजवा खिसा" असं लिहिलं होतं. मी ते पुसलं नाही, तसाच ठेवून भागाकार शिकवला. मी पुरती सोडली, असं अजून म्हणता येत नाही. कमी केली, असं सांगितलं तर पंजाबराव विचारतात, कमी म्हणजे किती?

हर्षलने बापाशी बोलणं टाकलं. ताट वाढून झालं की उठून जायचा. रुखमाबाई दोघांमध्ये निरोप पोचवत. पंजाबराव कडुनिंबाखाली बसायचे, पण खुर्ची दुकानाकडे पाठ करून ठेवायचे. आठव्या दिवशी रवी टेम्पो घेऊन आला. पायरीवर बसला नाही. चहा नको म्हणाला, काकूंना हाक मारली नाही. वरून सांगणं आहे, एवढंच हर्षलला म्हणाला. दोन माणसांनी वायर काढली, कपाट उचललं आणि पिवळ्या रेघेपलीकडे, गिरणीशेजारच्या दुकानात नेऊन लावलं. हर्षलने मागून भाऊ म्हणून हाक मारली तेव्हा रवी फोनवर बोलत होता. दुकानात कपाटाच्या जागी फरशीचा एक स्वच्छ पांढरा चौकोन राहिला.

हर्षल त्या चौकोनाकडे बघत बराच वेळ उभा होता. मग तो रस्ता ओलांडून कडुनिंबाखाली बापापाशी आला. मी तिथेच चहा पीत होतो. उठायला लागलो तर पंजाबरावांनी हाताने बसवलं.

"आबा," हर्षल म्हणाला, "मह्या हातची सिगारेट काऊन घेतली तुमी? फेकून द्याची होती मह्या तोंडावर. मले झोप नाही आठ दिवस."

पंजाबरावांनी शर्टाच्या खिशाचं बटण काढलं. आठ दिवसांत शर्ट तीनदा बदलले असतील, पण दोन्ही सिगारेटी त्या खिशातून या खिशात आल्या होत्या. वाकलेल्या, तंबाखू गळत असलेल्या.

"नसती घेतली त तू म्हनला असता, आबा शाळेच्या बाजूचा," ते म्हणाले. "त्याच भेवानं पस्तीस वर्सं ओढली म्या. हा संशय घेईन, तो संशय घेईन." त्यांनी श्वास घेतला आणि हातातल्या दोन्ही सिगारेटींकडे पाहिलं. "म्या साऱ्या दुनियेवर संशय घेतला, बाप्पा. हिच्यावर नाही घेतला."

हर्षलने दोन्ही त्यांच्या हातातून काढून घेतल्या आणि नालीत टाकल्या. मग बापाची खुर्ची, बापासकट, दुकानाकडे तोंड करून फिरवायला लागला. ती जड होती, मी हात लावला.

तेवढ्यात पुष्पांजली गिरणीकडून आली. दळणाचा डबा काखेत आणि हातात आजोबांची टेप. कुणालाही न विचारता घेऊन गेली होती.

"आबा," ती आजोबांना म्हणाली, "तिथीही चार फुटावरच लावलं."

मला वाटलं, पंजाबराव आता उठतील आणि स्वतः जाऊन मोजून येतील. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाचं माप त्यांनी पुन्हा मोजल्याशिवाय मानलेलं मी पाहिलं नव्हतं. ते उठले नाहीत. "हाव," म्हणून मान डोलावली, आणि टेप तिच्याकडेच राहू दिली.